जुनी पेट्रोल गाडी आयडलिंगला थरथरते? पार्ट बदलायच्या आधी या क्रमाने तपासा

सिग्नलवर उभी असली की गाडी थरथर करून राहिली, स्टीअरिंग हलून राहिलं, आरपीएमचा काटा खालीवर, आणि थोडी रेस दिली की सगळं एकदम ठीक. जुनी पेट्रोल गाडी ठेवणाऱ्याला हा त्रास कधी ना कधी होतोच. मग ठरलेला प्रकार सुरू होतो, एक मिस्त्री म्हणतो प्लग गेले, दुसरा म्हणतो कॉइल, तिसरा थ्रॉटल बॉडी धुऊन देतो, चौथा म्हणतो भाऊ इंजिनच उघडावं लागेल, दर वेळी पैसे जातात, गाडी चार दिवस बरी वाटते आणि परत तेच.

आमच्या घरची गाडी २००६ ची, एमएच ३१ (नागपूर) पासिंग, चार सिलिंडर, एमपीएफआय (इंजेक्टरवालं) पेट्रोल, वरून नंतर बसवलेलं एलपीजी किट. तिच्या मिसिंगमागे (एखादं सिलिंडर नीट न पेटणं) लागून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहून देतोय, म्हणजे नव्याने जुनी गाडी घेतलेल्यांना किंवा घरातली जुनी गाडी हाती आलेल्यांना तेवढा मनस्ताप नको. माझं एकच म्हणणं आहे, आधी शोधा, मग बदला. आणि शोधायला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी फुकटात किंवा अगदी थोड्या पैशात होतात.

० – हाताशी काय पाहिजे

कागद आधी. आरसी (गाडी नेमकी कोणत्या महिन्या-वर्षाची ते कळलं की दुकानात बरोबर पार्ट मिळतो, एकाच मॉडेलमध्ये मधेच इंजिन बदललेलं असतं), ओनर्स मॅन्युअल मिळालं तर फार छान, जुनी बिलं आणि पीयूसीच्या जुन्या स्लिपा. हो, पीयूसीच्या स्लिपा फेकू नका. पेट्रोल गाडीच्या स्लिपवर सीओ आणि एचसीचे आकडे असतात आणि ते आयडलिंगलाच मोजलेले असतात. एचसी जास्त आला म्हणजे न जळलेलं पेट्रोल बाहेर जातंय, म्हणजे बहुतेक मिसिंग. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. मागच्या दोन-तीन स्लिपा शेजारी ठेवून पाहिल्या की बिघाड कधीपासून वाढत आला तेही दिसतं.

हत्यारं म्हणाल तर प्लग पाना, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या), साधा डिजिटल मल्टिमीटर, टॉर्च, पाण्याची स्प्रे बाटली, लांब स्क्रू ड्रायव्हर, पक्कड आणि एक वही. गाडीला चालत असेल तर ब्लूटूथ स्कॅनर, त्याचं पुढे सांगतो.

आणि एक कळकळीची सूचना, उन्हाळ्यात आपल्याकडे गळ्यात दुपट्टा असतोच, तो काढून ठेवा मगच चालू इंजिनवर वाका. रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन केव्हाही अचानक सुरू होतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून काम बिलकुल करायचं नाही, धुराने जीव जातो.

१ – इंजिन मिस करतंय की फक्त गाडी हलतेय?

हा प्रश्न सगळ्यात आधी, कारण इथेच बरेच लोक चुकीच्या रस्त्याला लागतात. बॉनेट उघडा, इंजिन गरम झालेलं असू द्या, एसी बंद. आता आरपीएमचा काटा पाहा. काटा ७५० ते ९०० च्या मध्ये कुठेतरी स्थिर आहे, सायलेन्सरचा आवाज एकसारखा येतोय, पण केबिनमध्ये मात्र सीट-स्टीअरिंग हलतंय, तर इंजिन बहुतेक ठीक आहे आणि फाउंडेशन बसलेत. इंजिन ज्या रबरी फाउंडेशनवर टेकलेलं असतं ते वर्षानुवर्षांच्या गरमीने कडक होतात नाहीतर फाटतात.

तपासायला एकाला गाडीत बसवा, ब्रेक पक्का दाबलेला, पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी किंचित सोडायला सांगा आणि बाजूला उभं राहून पाहा, गाडीच्या समोर नाही. नंतर रिव्हर्समध्ये. इंजिन इंच-दीड इंच उचललं जात असेल तर फाउंडेशन गेलं. ऑटोमॅटिक गाडीत डी लावला किंवा क्लच अर्धा सोडला की थरथर वाढते, न्यूट्रलला कमी होते, हेही त्याचंच लक्षण.

काटाच खालीवर नाचत असेल किंवा सायलेन्सरमधून भक-भक-भक असा मधेच तुटणारा आवाज येत असेल तर पुढे चला. सायलेन्सरच्या तोंडाशी थोडं अंतर ठेवून तळहात धरा, ठराविक अंतराने धक्का चुकत असेल तर एक सिलिंडर मिस करतंय, आणि कधीही कसाही चुकत असेल तर सगळ्यांना लागू होणारी भानगड आहे (हवा, पेट्रोल किंवा सेन्सर).

२ – कधी होतं ते आठवडाभर लिहा

वही यासाठी. सकाळी थंड असताना होतं की गरम झाल्यावर? एसी लावल्यावर? पाऊस पडून गेल्यावर? पेट्रोल भरल्यानंतर लगेच? टाकी पाव झाली की?

थंड असताना त्रास आणि गरम झाल्यावर ठीक, तर तापमानाचा सेन्सर, हवेची गळती, आयडल व्हॉल्व्ह (आयडलिंगची हवा सांभाळणारा) यांच्याकडे बोट जातं. थंड असताना मस्त आणि गरम झाल्यावर थरथर, तर टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा भाग) टाइट, गरम होऊन दगा देणारी कॉइल. पावसाळ्यात किंवा दमट हवेत जास्त, तर प्लग केबल, कॉइल, डिस्ट्रिब्युटरची (जुन्या गाड्यांत एकेका प्लगला करंट वाटणारा भाग) कॅप. एसीचा कॉम्प्रेसर लागताना सेकंदभर काटा खाली जाऊन परत वर येणं हे जुन्या गाडीत नॉर्मल आहे, मे महिन्यात वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये एसी सारखा चालू-बंद होतो आणि लोकांना वाटतं गाडी मिस करते, तेवढ्यासाठी गॅरेज गाठू नका. खाली जाऊन तिथेच राहिला तर मात्र आयडल व्हॉल्व्ह पाहावा लागेल.

एलपीजी किंवा सीएनजी किट असेल तर तुमच्याकडे एक जास्तीचा पुरावा आहे, तो वापराच. एकदा गरम इंजिनवर पेट्रोलवर पाहा, मग गॅसवर. फक्त गॅसवर थरथरते तर रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅस फिल्टर, किटचं ट्युनिंग किंवा कमजोर स्पार्क (गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे पेट्रोलवर भागवणारी कॉइल गॅसवर उघडी पडते). फक्त पेट्रोलवर थरथरते तर महिनोनमहिने न वापरलेले इंजेक्टर जाम असण्याची शक्यता मोठी. दोन्हीवर सारखीच थरथरते तर इंजिनच्या मूळ गोष्टींकडे जा, हवा, स्पार्क, टॅपेट, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब). आमच्या गाडीत दोन्हीवर होतं, आणि हे कळल्यावर अर्धी यादी तिथेच गळाली.

३ – फुकटातली पाहणी

बॅटरीचे टर्मिनल साफ आणि घट्ट आहेत का, बंद गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.४ येतंय का. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी हलवून पाहा, जुन्या गाडीत ती आतून गंजलेली असते आणि मग सेन्सर काहीही आकडे देतात. एअर फिल्टर काढून उजेडात धरा. आपल्याकडे सिमेंट रोडची नाहीतर कसली ना कसली खोदाई बाराही महिने चालू असते, त्या धुळीत मॅन्युअलमधल्या किलोमीटरवर फिल्टर टिकत नाही, लवकर पाहा. फिल्टरच्या डब्याचे क्लिप नीट बसलेत का तेही. आणि उंदीर! गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली असेल तर वायरिंग बोटांनी चाचपून घ्या, कुरतडलेली एक वायर सगळं निदान फिरवून टाकते.

४ – एक सिलिंडर की सगळे? (ही पायरी चुकवू नका)

सगळ्या प्रकारात माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच, आणि गंमत म्हणजे गॅरेजमध्ये घाई असली की हीच गाळतात.

इंजिन पूर्ण गरम, एसी-लाइट बंद, रेडिएटर फॅन बंद व्हायची वाट पाहा. आता गाडी पेट्रोलवर चालू ठेवून पहिल्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं कनेक्टर काढा, पाच-सात सेकंद ऐका, काटा किती पडला ते लिहा, परत लावा, गाडी स्थिरावू द्या, मग दुसरं, मग तिसरं, मग चौथं. चांगलं सिलिंडर बंद केलं की इंजिन लगेच जास्त थरथरायला पाहिजे. ज्या सिलिंडरचं कनेक्टर काढल्यावर काहीच फरक पडत नाही ते सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हतं. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) काही क्षणात आरपीएम सावरून घेतो म्हणून पहिला झटका महत्त्वाचा, नंतरचा आकडा नाही.

यातला सापळा असा की बरेच जण इंजेक्टरऐवजी चालू गाडीत प्लगची केबलच उपटतात. असं करू नका. हजारो व्होल्टचा झटका बसतो, मोकळी सोडलेली केबल कॉइलला मारते, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खराब होतो. इंजेक्टरचं कनेक्टर काढलं तर त्या सिलिंडरमध्ये पेट्रोलच जात नाही, म्हणून तो रस्ता सुरक्षित. चेक इंजिन लाइट लागेल, घाबरू नका, नंतर स्कॅनरने घालवता येतो.

निकाल तीन प्रकारचे येतात. एकच सिलिंडर मेलेलं: पाचवी पायरी आणि नंतर दहावी. दोन सिलिंडर, आणि ती १ व ४ किंवा २ व ३ अशी जोडी: ज्या गाड्यांत एक कॉइल दोन सिलिंडरला स्पार्क देते तिथे सरळ त्या कॉइलवर संशय घ्या. शेजारशेजारची दोन, जसं २ व ३ किंवा ३ व ४, तर दोन सिलिंडरच्या मधून हेड गॅस्केट फुटलेलं असू शकतं, कॉम्प्रेशन पाहावंच लागेल. (२ व ३ दोन्ही यादीत येतात, तिथे आधी कॉइल पाहा, स्वस्त आहे.) सगळी सिलिंडर सारखाच फरक दाखवतात तरी थरथर आहे, तर सहावी पायरी.

५ – प्लग, केबल, कॉइल

प्लग थंड इंजिनवरच काढा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना जोर लावला तर आटे निघून येतात आणि मग खर्च कुठल्या कुठे जातो. काढायच्या आधी खड्ड्यातली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. काढलेले प्लग त्याच क्रमाने कागदावर मांडा, आणि कागदावर १, २, ३, ४ लिहा.

फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग म्हणजे छान. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा स्पार्क कमजोर. पांढरा फटक म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. तेलकट ओला म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पेट्रोलने ओला म्हणजे स्पार्कच होत नाही. चौघांपैकी एकच वेगळा दिसत असेल तर चौथ्या पायरीत सापडलेल्या सिलिंडरशी तो जुळतो का पाहा, जुळला की अर्धं काम झालं. प्लगच्या खड्ड्यात इंजिन ऑइल साचलेलं असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय, ते बदलल्याशिवाय नवीन प्लग-केबलही टिकणार नाही.

गॅप मॅन्युअलप्रमाणे, फिलर गेजने. ‘नवीन डब्यातून सेट होऊनच येतो’ यावर विसंबू नका, वाटेत पडून बदललेला असतो. साधे निकेलचे प्लग साधारण २०-३० हजार किलोमीटरचे. बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या, नकली प्लग भरपूर फिरतात.

केबल मल्टिमीटरने मोजा. लांबीप्रमाणे किलोओहममध्ये आकडा येतो, लांब केबलचा जास्त, आखूडचा कमी, पण एखादीचा आकडा बाकीच्यांच्या मानाने भलताच असेल किंवा काहीच दाखवत नसेल तर ती गेली. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिन पाहा, केबलवर पाण्याचा हलका फवारा मारा (हात लांब ठेवून), निळ्या ठिणग्या उडताना दिसल्या तर करंट बाहेर गळतोय. डिस्ट्रिब्युटरवाल्या गाडीत कॅप उघडून आत केसासारख्या काळ्या रेघा आहेत का आणि रोटरचं टोक जळलंय का तेही पाहा.

कॉइलसाठी नवीन कॉइल आणायच्या आधी अदलाबदल करा. ज्या सिलिंडरला त्रास आहे तिथला प्लग दुसऱ्या सिलिंडरला, तिथला इथे. त्रास प्लगबरोबर गेला तर प्लग दोषी, जागेवरच राहिला तर केबल किंवा कॉइल अदलाबदल करा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, नाहीतर काय केल्याने काय झालं हे कधीच कळणार नाही. केबल परत लावताना फायरिंग ऑर्डर चुकवू नका, चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत १-३-४-२ असतो, म्हणून काढायच्या आधी मोबाइलने फोटो घ्याच.

६ – बाहेरची हवा ओढतेय का?

थ्रॉटलच्या पुढे, इंजिनच्या बाजूला कुठूनही न मोजलेली हवा आत शिरली की मिश्रण पातळ होतं. पेट्रोलला नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, आयडलिंगला एकूण हवाच थोडी असते म्हणून एवढीशी भेग तिथे मोठी ठरते, आणि रेस दिली की त्याच भेगेचं प्रमाण नगण्य होतं. म्हणूनच ‘रेसला ठीक, स्लोला थरथर’ ऐकलं की गळती आठवायची.

आपल्याकडे ४५-४६ डिग्रीचे उन्हाळे, त्यात बॉनेटखालची गरमी, रबराचे पाइप आतून कडक होऊन तडकतात. वरून चांगला दिसणारा पाइप बोटाने वाकवून पाहा, वाकवल्यावर भेग उघडते. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा) आणि त्याचा पाइप (व्हॉल्व्ह काढून हलवला की खुळखुळ वाजला पाहिजे), मॅप सेन्सरची (इनटेकमधला दाब मोजणारा) बारीक नळी, इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग, थ्रॉटल बॉडीखालचं पॅकिंग, आणि किट असेल तर गॅस मिक्सरची रिंग जिथे बसवलीय तो जोड. हा शेवटचा जोड विसरला जातो, कारण पेट्रोलवाला मिस्त्री म्हणतो ते किटवाल्याचं काम आणि किटवाला म्हणतो ते पेट्रोलवाल्याचं.

ब्रेकची सोपी चाचणी: इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर किंवा पाइप. चालू गाडीत ब्रेक दाबला की आयडलिंग बिघडतं, तेही तसंच. ब्रेकचा मामला आहे, हे सापडलं तर टाळाटाळ करू नका, त्याच दिवशी करून घ्या.

बाकी जोडांसाठी स्प्रे बाटलीने पाण्याचा बारीक फवारा एकेका जोडावर मारा, कॉइल आणि कनेक्टर सोडून. फवाऱ्याने इंजिनचा सूर क्षणभर बदलला तर जागा सापडली. पुष्कळ लोक यासाठी कार्ब क्लीनर मारतात. गरम एक्झॉस्टवर तो पेटतो, मी तरी सांगणार नाही. सापडतच नसेल तर स्मोक टेस्ट करणारं गॅरेज शोधा, धूर आत सोडला की भेगेतून आपोआप बाहेर दिसतो.

व्हॅक्युम गेज मिळालं तर सोनं. पुस्तकांत चांगल्या इंजिनचा आकडा पाऱ्याचे १७ ते २२ इंच देतात, पण तो समुद्रसपाटीचा. नागपूर सुमारे ३१० मीटरवर आहे, म्हणजे आपण साधारण एक इंच कमी धरायचा. काटा स्थिर पण कमी तर गळती किंवा टायमिंग, काटा एका लयीत झटका खाऊन राहिला तर व्हॉल्व्ह.

७ – थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह

थ्रॉटलच्या पाकळीमागे काळा चिकट थर जमतो आणि आयडल व्हॉल्व्हची वाट बुजते. क्लीनर आणि मऊ कापडाने साफ करा, बॅटरी सुटी करून. काम सोपं आहे. सापळा एकच, पाकळीचा स्टॉप स्क्रू फिरवू नका, फिरवू देऊ नका. ‘स्लो वाढवून देतो’ म्हणून तो स्क्रू फिरवला की थरथर झाकली जाते, बरी होत नाही, आणि पुढच्या माणसाला मूळ सेटिंग सापडत नाही. साफ केल्यावर पहिले काही किलोमीटर आयडलिंग विचित्र राहू शकतं, ईसीयूला परत शिकायला वेळ द्या.

८ – स्कॅनर

२०१० च्या आधीच्या पुष्कळ गाड्यांत १६ पिनांचं सॉकेट असलं तरी बाजारातलं साधं ब्लूटूथ यंत्र बोलेलच असं नाही, त्यासाठी मल्टिब्रँड स्कॅनरवालं गॅरेज लागतं. कोड कागदावर लिहून घ्या: पी०३०० म्हणजे कुठेही मिसफायर, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या नंबरचं सिलिंडर, पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी०५०५ म्हणजे आयडल कंट्रोल. कोड म्हणजे पत्ता, दोषी पार्ट नाही. पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणं ही सगळ्यात महागडी घाई.

कोडपेक्षा लाइव्ह डेटा मागा. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के कमी-जास्त देतोय तो आकडा) गरम इंजिनवर आयडलिंगला पाहा, मग २५०० आरपीएमला धरून पाहा. आयडलिंगला अधिक १५-२० टक्के आणि २५०० ला खाली उतरून नॉर्मल, तर हवेची गळती. दोन्हीकडे जास्तच, तर पेट्रोल कमी पोचतंय, पंप, फिल्टर, इंजेक्टर. उणे आकडा म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. एक बारकावा: एखादं सिलिंडर मिस करत असेल तर त्याचा न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो आणि ट्रिम खोटंच अधिक दिसतं, म्हणून चौथी पायरी आधी.

मॅप सेन्सर तपासायची युक्ती: इग्निशन ऑन, इंजिन बंद. सेन्सरने बाहेरचा दाब दाखवला पाहिजे, नागपुरात तो सुमारे ९७ किलोपास्कल. भलताच आकडा आला तर सेन्सर किंवा त्याची वायर. गरम इंजिनच्या आयडलिंगला साधारण ३० ते ४० च्या आसपास.

९ – थर्मोस्टॅट जागेवर आहे का?

हे खास आपल्या भागासाठी. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. ‘नागपूरची गरमी आहे, गाडी तापते, थर्मोस्टॅट काढून टाकू’ हे फार सर्रास केलं जातं आणि सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन पूर्ण गरमच होत नाही, ईसीयूला वाटतं गाडी अजून थंड आहे आणि तो पेट्रोल जास्त देत राहतो, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज जातं, थंडीत सकाळी आयडलिंग वेडंवाकडं. आमच्या गाडीत निघालेल्या दोन कारणांपैकी हे एक.

सकाळी थंड इंजिन स्टार्ट करा आणि रेडिएटरचा वरचा पाइप हात लावून पाहत राहा. काही मिनिटं थंड राहून मग एकदम गरम झाला पाहिजे. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकलाय. स्कॅनरवर चालत्या गाडीत ८० ते ९५ डिग्रीच्या आसपास यायला हवं, डिसेंबरमध्ये रिंग रोडवर ६०-६५ वरच घुटमळत असेल तर उत्तर मिळालं. गाडी खरंच तापत असेल तर रेडिएटर, फॅन, कूलंट दुरुस्त करा.

१० – टॅपेट आणि कॉम्प्रेशन

सगळं करून एकच सिलिंडर हट्ट धरून बसलं असेल तर इथे या, आणि गॅसवर चाललेल्या गाडीत तर लवकरच या. टॅपेटचा कट-कट आवाज आला की लोक लगेच सेटिंग करतात, पण आवाज नसणं म्हणजे ठीक असणं नव्हे. गॅस कोरडा जळतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी-कमी होत जाते. आवाज कमी होतो, मालक खूश, पण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, दाराच्या फटीत चप्पल अडकावी तसा, आणि कॉम्प्रेशन तिथून निसटतं. रेसमध्ये निसटायला वेळ मिळत नाही म्हणून जाणवत नाही. असंच चालवत राहिलं तर व्हॉल्व्ह जळतो आणि मग हेड उतरवावंच लागतं. आमच्याकडे तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट टॅपेट असाच टाइट निघाला, वेळेत सापडला म्हणून फक्त सेटिंगवर भागलं. सेटिंग मॅन्युअलमधल्या आकड्याने आणि त्यात लिहिलंय तसं थंड किंवा गरम इंजिनवर, फिलर गेज लावून, नुसत्या हाताच्या अंदाजाने नको. हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या इंजिनला हे लागू नाही.

कॉम्प्रेशन पाहताना सगळे प्लग काढलेले, इंजेक्टर आणि कॉइलची कनेक्टर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी पूर्ण चार्ज. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे आधी पाहा, दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. हे दोन आकडे हातात असल्याशिवाय कोणालाही ‘इंजिन उघडा’ म्हणायची परवानगी देऊ नका.

११ – कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर

जुन्या मारुती ८०० सारख्या कार्ब्युरेटर गाडीत इंजेक्टर-सेन्सर नाहीत, बाकी स्पार्क, गळती, टॅपेट सगळं तसंच. जास्तीचं म्हणजे स्लो जेट बुजणं आणि डायफ्राम फाटणं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर तेच मिश्रण पातळ पडतं, ईसीयू नसल्यामुळे सावरून घेणारं कोणी नाही. जुने रबरी पाइप आणि डायफ्रामही त्यात लवकर फुगतात, ते इथेनॉलला चालणारे घेऊन बदला. महिनाभर गाडी उभी ठेवायची तर टाकी अर्धी ठेवू नका, पाणी ओढलं जातं. आणि नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हात) भर दुपारी दहा मिनिटं थांबून परत स्टार्ट केल्यावरच थरथर होत असेल तर पेट्रोल पाइपमध्येच उकळून वाफ अडकतेय, सावलीत थंड होऊ द्या आणि पाइप एक्झॉस्टपासून लांब आहे का पाहा.

१२ – मिस्त्रीकडे जाताना

‘गाडी थरथरते, पाहून घ्या’ एवढंच सांगितलं तर अंदाजानेच काम होणार. ‘भाऊ, तिसरं सिलिंडर बंद केलं तरी फरक पडत नाही, प्लग-केबल अदलाबदल करून पाहिली, पेट्रोल-गॅस दोन्हीवर आहे, गरम झाल्यावर वाढते’ असं सांगा, चांगला मिस्त्री खूश होतो, त्याचाही वेळ वाचतो. गाडी गरम अवस्थेत दाखवायची की थंड, ते वहीप्रमाणे ठरवा, थंड असताना होणारा त्रास दाखवायचा असेल तर आदल्या रात्रीच गाडी तिथे सोडून या. एका वेळी एकच काम करायला सांगा, काढलेला जुना पार्ट परत मागा, आणि नवीन पार्ट टाकूनही फरक नाही पडला तर जुना चालू पार्ट डिकीत ठेवा, पुढे अदलाबदल करून तपासायला कामी येतो.

काम झाल्यावर गॅरेजच्या दारातच ‘ठीक आहे’ म्हणून पैसे देऊन निघू नका. एसी लावून वीस-पंचवीस मिनिटं शहरातून फिरवा, दोन-तीन सिग्नलवर न्यूट्रलला उभी करून काटा पाहा, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड स्टार्ट पाहा, आणि आठवड्याने पीयूसी करून एचसीचा आकडा जुन्या स्लिपशी ताडून घ्या.